पंधरा दिवसांचा कापूस

भुईगावच्या आग्नेस टीचरच्या घरात कुत्रा येणार असं कुणी सांगितलं असतं, तर गावानं ते हसण्यावारी नेलं असतं. आग्नेसचा थोरला भाऊ इग्नेशियस याला लहानपणापासून दमा. आईवडील गेल्यावर त्या कौलारू घरात ही दोन भावंडंच उरली. त्यानं लग्न केलं नाही ते आजारपणामुळे, तिनं केलं नाही ते त्याच्यामुळे, आणि या गोष्टीचा उच्चार दोघांनीही कधी केला नाही. तो मागच्या वाडीत केळी आणि सोनचाफा बघायचा, ती वसईच्या एका मराठी शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी ती ओल्या फडक्यानं सगळी लादी पुसून घ्यायची, उशांचे अभ्रे दर तिसऱ्या दिवशी बदलायची, आणि शेजारचं मांजर ओटीवर चढलं तर झाडू घेऊन धावायची. भावाच्या छातीतली शिट्टी तिला दोन खोल्यांपलीकडूनही ऐकू यायची.

शाळेत तिची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, संपदा. संपदा मूळची साताऱ्याकडची. लग्न करून वसईत आली, स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आग्नेसच्या शाळेत लागली. दोघींची टेबलं शेजारी, डबे एकत्र. संपदा भाकरी आणि ठेचा आणायची, आग्नेस बोंबलाची चटणी. संपदानं बाहेरून एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा तिची लेक क्षितिजा सहा वर्षांची होती. ती पोर मग चार वर्षं शाळा सुटल्यावर आग्नेसचा हात धरून भुईगावला यायची, चाफ्याखाली खेळायची, जेवायची, आणि आई न्यायला येईपर्यंत मावशीच्या मांडीवर झोपूनही जायची. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी संपदानं पेढा सगळ्यांत आधी आग्नेसच्या तोंडात घातला होता. अशी अकरा वर्षं गेली. आग्नेसला सख्खी बहीण नव्हती, आणि त्याचं तिला वाईट वाटेनासं झालं होतं.

दोन हजार पाच सालचा मे महिना नुकताच लागला होता. निकाल लागून शाळेला सुट्टी पडली, आणि एका सकाळी संपदा रिक्षातून भुईगावला आली. एका हातात साखळी, साखळीला पांढराशुभ्र पामेरियन कुत्रा, दुसऱ्या हातात एक खोकं. कुत्र्याचं नाव कापूस. क्षितिजाच्या हट्टापायी तो त्यांच्याकडे आला होता. आग्नेस त्याला फ्लॅटवर भेटायची, पण लांबूनच. संपदा म्हणाली की सासरे अत्यवस्थ आहेत, सगळ्यांना साताऱ्याला जावं लागतंय, कुत्र्याला कुठे ठेवू? पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

आग्नेसनं भावाकडे पाहिलं. इग्नेशियस ओटीवर बसला होता. त्यानं बराच वेळ कुत्र्याकडे पाहिलं आणि सांगितलं की पंधरा दिवस असेल तर हरकत नाही, पण ओटीच्या आत घ्यायचं नाही.

तेव्हा संपदानं खोकं उघडलं. आत हातात मावेल असा, वायर नसलेला व्हॅक्यूम क्लीनर होता. आकार इस्त्रीएवढा, पुढे चपटं तोंड, आणि भिंतीला लावायचा एक आकडा. रात्रभर आकड्यावर ठेवला की चार्ज होतो, म्हणाली. दिरांनी दुबईहून खास मागवून दिला, कोरा करकरीत आहे, दादांना केसांचा त्रास व्हायला नको म्हणून तुझ्यासाठीच आणला. तिनं बटण दाबून दाखवलं. यंत्र भुंग्यासारखं गुणगुणलं आणि सतरंजीवरचे केस एका दमात ओढले जाऊन त्याच्या पारदर्शक पोटात बसले. आग्नेसला भरून आलं. पंधरा दिवसांसाठी कुत्रा ठेवणारं माणूस भावाच्या श्वासाचाही विचार करतं, याचं तिला कौतुक वाटलं. निघताना संपदानं तिला घट्ट मिठी मारली. ती जरा जास्तच वेळ धरून राहिली, हे आग्नेसच्या लक्षात आलं. पण सासऱ्यांच्या काळजीनं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

कापूस ओटीवर राहिला तो जेमतेम तीन दिवस. चौथ्या दिवशी तो उंबरठ्यावर हनुवटी टेकून बसला, पाचव्या दिवशी निम्मा आत आला, आणि आठवड्याच्या आत इग्नेशियसच्या खुर्चीखाली झोपायला लागला. इग्नेशियसनंच त्याला बिस्किटं घालून आत घेतला होता, हे आग्नेसला मागाहून कळलं.

मग सुरू झाला केसांचा कारभार. मे महिन्यात पामेरियनचे केस गळतात ते नुसते गळत नाहीत, घरभर तरंगतात. घरातल्या अल्तारावरच्या लेसच्या कापडात केस, पिठाच्या डब्याच्या झाकणावर केस, रविवारी चर्चमध्ये मिस्सेला घालायच्या इग्नेशियसच्या काळ्या पँटवर तर जणू कुणी चुना शिंपडलाय. झाडूनं ते उडायचे आणि दुसरीकडे जाऊन बसायचे. ओल्या फडक्याला चिकटून लादीवर त्यांच्या वळ्या व्हायच्या. त्यामुळे यंत्राशिवाय इलाज नव्हता. आग्नेसनं त्याची सगळी नाडी ओळखली. पूर्ण चार्ज झालं तरी ते दहा मिनिटंच चालतं, म्हणून आधी भावाची गादी, मग खुर्ची, मग पडदे आणि शेवटी कोपरे. पोट भरलं की ओढ कमी होते, म्हणून ते अंगणात नेऊन रिकामं करायचं, आतली कापडी पिशवी झटकून उन्हात वाळवायची. त्यात दिवसाचे सहा-सहा तास लोडशेडिंग. वीज असेल तेव्हा ते आकड्यावर आहे ना, हे ती देवापुढच्या दिव्यासारखं बघायची.

अकराव्या दिवशी ते पाच मिनिटांतच थकायला लागलं. आग्नेस ते घेऊन वसई गावात फ्लॉईडच्या दुकानात गेली. फ्लॉईड मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. तिच्याच हाताखाली चौथी शिकलेला, आता दोन मुलांचा बाप. त्यानं स्क्रू काढले, मागचं झाकण उघडलं आणि चिमट्यानं एक पांढरा थर बाहेर ओढला. दाबून दाबून नमद्यासारखा झालेला केसांचा थर.

"टीचर, हे नवीन नाही," तो म्हणाला. "यातले सेल तीन-चार वर्षं वापरलेले आहेत. आणि एवढे केस दहा दिवसांत बसत नाहीत."

आग्नेसनं त्याला सांगितलं की मैत्रिणीनं आधी चालवून बघितलं असेल. फ्लॉईडनं नवे सेल बसवून दिले. रिक्षात बसल्यावर ती स्वतःला समजावत राहिली की संपदाच्याच घरातलं असलं तर काय बिघडलं, कोरं म्हणून सांगितलं ते आपल्याला संकोच वाटू नये म्हणून. त्या दिवशी तिनं ही गोष्ट भावाला मात्र सांगितली नाही.

पंधरा दिवस झाले, अठरा झाले. संपदाच्या घरचा फोन नुसता वाजत राहायचा, मग तोही बंद पडला. विसाव्या दिवशी आग्नेसला वाटलं की सासरे गेले असतील, माणसं दुःखात असतील, आपणच जाऊन बघावं. परत आले असतील तर कुत्राही पोचवावा. तिनं कापसाला आंघोळ घातली, विंचरलं, त्याची वाटी आणि साखळी पिशवीत भरली आणि रिक्षा केली. इमारत दिसताच कापूस साखळी ताणून पुढे धावला. तीन जिने त्यानं तिला अक्षरशः ओढत नेलं.

दारावर पाटी वेगळी होती. दार उघडणारी बाई अनोळखी. ती काही विचारण्याआधीच कापूस तिच्या पायांमधून आत घुसला, ओळखीच्या वाटेनं बाल्कनीच्या कोपऱ्यात गेला आणि तिथं ठेवलेल्या रंगाच्या डब्यांना हुंगत गोल गोल फिरायला लागला. बाईनं सभ्यपणे सांगितलं की फ्लॅट त्यांनी फेब्रुवारीतच विकत घेतला, ताबा मेच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. आधीची मंडळी ऑस्ट्रेलियाला गेली, कायमची. वर्षभर त्यांची कागदपत्रं चालू होती म्हणे. तुम्हाला माहीत नव्हतं का?

आग्नेस म्हणाली, "माहीत होतं. विसरले."

हे खोटं तिच्या तोंडून का निघालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. कापूस बाल्कनीतून हलेना. शेवटी तिनं त्याला उचलून घेतलं. तोवर तिनं त्याला कधी उचललं नव्हतं. जिना उतरताना तो तिच्या खांद्यावरून मागे त्या दाराकडे बघत होता, आणि तिच्या निळ्या साडीवर पांढरे केस चिकटत होते.

घरी आल्यावर तिनं इग्नेशियसला सगळं सांगितलं, यंत्राचंही. तिच्या मनात तरीही एक पळवाट शिल्लक होती. परदेशाची गोष्ट दृष्ट लागेल म्हणून माणसं लपवतात, संपदानं सगळ्यांपासूनच लपवली असेल, एकट्या माझ्यापासून नाही. या आधारावर तिनं उरलेला मे काढला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो आधारही गेला. शेजारचं टेबल रिकामं होतं, आणि त्याविषयी कुणीच काही विचारत नव्हतं. मधल्या सुट्टीत आग्नेसनं तिसरीच्या मीराबाईंना गाठलं. मीराबाई आधी पदराशी चाळा करत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. संपदानं राजीनामा फेब्रुवारीतच दिला होता. एप्रिलच्या शेवटी निरोपसमारंभ झाला, शाळेतच, केक कापून. त्या दिवशी आग्नेस रजेवर होती. इग्नेशियसच्या छातीची तपासणी होती. समारंभाचा तो दिवस संपदानंच सुचवला होता. आग्नेसला मी स्वतः सांगणार आहे, तिला फार लागेल, तोपर्यंत कुणी बोलू नका, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

"आम्हाला वाटलं, तिनं सांगितलं असणार," मीराबाई म्हणाल्या. "तुम्ही कुत्रा ठेवून घेतलात म्हटल्यावर आम्ही तसंच धरून चाललो."

फोटो सूचनाफलकाच्या कपाटात होता. संपदा मधोमध, गळ्यात हार, आजूबाजूला सगळा शिक्षकवर्ग आणि शिपाईसुद्धा. आग्नेसनं तो फोटो नीट निरखून पाहिला. रडणाऱ्यांमध्ये संपदाही होती, आणि ते रडणं खोटं वाटत नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला. तिनं फोटो परत ठेवला, तोंड धुतलं आणि वर्गावर जाऊन गुणाकार शिकवले.

त्या संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं की हा कुत्रा आता या घरात नको. निर्मळला चाफ्याचा एक व्यापारी आहे, त्याला हवाय, उद्याच पोचवते. इग्नेशियस खुर्चीत होता, कापूस त्याच्या पायाशी. दोघंही तिच्याकडे बघत होते.

"एकदा सोडून झालंय त्याला," इग्नेशियस म्हणाला. "दुसऱ्यांदा आपण सोडायला नको."

एवढंच तो बोलला. ज्याच्या श्वासासाठी तिनं आयुष्यभर घर पुसलं, त्यानंच असं म्हटलं होतं. कापूस राहिला. तिनं सकाळची सफाई होती ती सकाळ-संध्याकाळ केली. यंत्र हातात घेतलं की तिच्या मनात त्याच त्याच गोष्टी फिरायला लागायच्या. पंधरा दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी यंत्र देतं का? भिंतीला खिळे ठोकून आकडा बसवायला सांगतं का? त्या बाईनं जे केलं ते समोर मांडून केलं होतं. आपल्यालाच ते वाचता आलं नाही. चौथीच्या मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला शिकवणारी मी, असं तिला वाटायचं, आणि कानशिलं तापायची.

जुलैअखेरीस तो मोठा पूर आला. भुईगावच्या वाड्यांमध्ये पाणी साचलं, पाच दिवस वीज नव्हती. यंत्र आकड्यावर मेल्यासारखं पडून राहिलं. दमट हवेत केस गाद्यांना, भिंतींना चिकटून बसले. आग्नेस ओल्या स्पंजनं, शेवटी हातानं ते वेचत राहिली, तरी तिसऱ्या दिवशी इग्नेशियसला दम्याचा अटॅक आला. गुडघाभर पाण्यातून शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून डॉक्टरकडे नेलं. तो वाचला. डॉक्टरांनी घरात प्राणी आहे का, असं विचारलं तेव्हा त्यानं मान हलवून नाही म्हटलं. आग्नेस शेजारी उभी होती, तीही गप्प राहिली. पण त्या क्षणी तिच्या मनात संपदाविषयी जे काही मऊ उरलं होतं ते निघून गेलं. मला फसवलं ते एक वेळ ठीक. हिला माझा भाऊ माहीत होता. त्याच्या छातीची शिट्टी हिनं अकरा वर्षं ऐकली होती.

सप्टेंबरात मेलबर्नहून पत्र आलं. चार पानं. तिथली थंडी, क्षितिजाची शाळा, नवऱ्याची नोकरी. घाईत सांगायचं राहून गेलं, समजून घेशील, कापूस तुझ्याकडे मजेत असेल याची खात्री आहे. आग्नेसनं ते दोनदा वाचलं. 'राहून गेलं' या शब्दांखाली तिनं लाल पेनानं रेघ ओढली, वह्या तपासताना चुकीच्या शब्दाखाली ओढतात तशी, आणि पत्र बायबलच्या कपाटात टाकून दिलं. उत्तर धाडलं नाही. नाताळची कार्डं आली, त्यांनाही नाही.

साडेतीन वर्षं गेली. दोन हजार आठचा नाताळ झाला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला एका दुपारी फाटकाशी गाडी थांबली. संपदा उतरली, आणि तिच्यामागून एक उंच मुलगी. क्षितिजा आता सतरा वर्षांची होती. आग्नेसनं त्यांना बघितलं आणि तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत कापूस ओटीवरून सुटला. म्हातारा झाला होता तो, पायऱ्या उतरताना अडखळायचा. पण त्या दिवशी धावला. संपदाच्या पायांवर उड्या मारल्या, जमिनीवर लोळला, आनंदानं अंगणात मुतला, आणि लहान पोर रडतं तसा आवाज काढत तिचे हात चाटत राहिला. इतक्या वर्षांत आग्नेससाठी त्यानं असा आवाज एकदाही काढला नव्हता. तिला केस वेचलेल्या त्या सगळ्या सकाळी आणि संध्याकाळी आठवल्या, आणि एका मुक्या प्राण्याचा मत्सर वाटल्याची लाजही वाटली.

त्यांना बसायला सांगितलं, सरबत दिलं. संपदा खूप बोलली, इकडचं तिकडचं. क्षितिजा कापसाला मांडीवर घेऊन बसली होती. ती मध्येच म्हणाली, "मावशी, तेव्हा मी तुमच्यावर खूप रागावले होते. सॉरी. आई म्हणाली, तुम्हीच कापसाला मागून घेतलंत. तुम्हाला एकटं वाटतं म्हणून. मला वाटायचं, मावशीनं का मागितलं?"

संपदानं ग्लास खाली ठेवला. इग्नेशियस बहिणीकडे बघत होता. आग्नेसला कळलं की ही एकच खोटी गोष्ट दोन्हीकडे नीट बसवून ठेवली होती. इकडे तिला पंधरा दिवस सांगितले आणि तिकडे पोरीला सांगितलं की मावशीनं मागितलं. ज्या लेकराला तिनं मांडीवर झोपवलं होतं, ते साडेतीन वर्षं तिला आपला कुत्रा हिरावून घेणारी बाई समजत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी मागितला नव्हता. तुम्ही साताऱ्याला जाताय, पंधरा दिवसांनी येताय, एवढंच मला सांगितलं होतं."

मुलीनं आईकडे पाहिलं. संपदाचे डोळे भरले. ती आग्नेसला म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग ते नाही ऐकून घ्यायचं होतंस."

आवाज चढला नव्हता. खरं तर आग्नेस कितीदा स्वतःलाच विचारत आली होती की खरं सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं. कदाचित नाही म्हटलं असतं. कदाचित भावाला विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता. ते आता कधीच कळणार नव्हतं, कारण तिला विचारलंच नव्हतं.

क्षितिजा उठून अंगणात गेली आणि पाठ करून उभी राहिली. थोड्या वेळानं त्या निघाल्या. फाटकाशी संपदानं पुन्हा मिठीसाठी हात पुढे केले. आग्नेसनं दोन्ही हात कापसाच्या साखळीवर ठेवले होते, ते काढले नाहीत. गाडी गेल्यावर कापूस तीन दिवस फाटकाशी बसून होता. अन्नाला शिवला नाही. चौथ्या दिवशी इग्नेशियसनं तिथंच खुर्ची नेऊन टाकली आणि हातानं दूधभात भरवला, तेव्हा तो आत आला.

मार्चमध्ये क्षितिजाचं पत्र आलं, तिच्या एकटीचं. मराठी मोडकं, अक्षर मोठं. त्याला मात्र आग्नेसनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. मग अधूनमधून पत्रं जात-येत राहिली. क्षितिजानं एकदा लिहिलं की आई फार खचलीय, तुम्ही तिला दोन ओळी लिहाल का? आग्नेसनं लिहून कळवलं की तुला हवं ते तू मला विचार, मी सांगेन. पण ते एवढं मागू नकोस. ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेली तेव्हा तिनं फादरनाही हेच सांगितलं. क्षमा करावी हे मला माहीत आहे, वर्गात शिकवते, पण अजून जमलेलं नाही, आणि जमलं असं खोटं मी म्हणणार नाही. फादरनी तिला घाई केली नाही.

कापूस दोन हजार दहाच्या पावसाळ्यानंतर गेला, दुपारी, झोपेतच. इग्नेशियसनं त्याला वाडीच्या कडेला पुरलं. हात धुऊन आत आल्यावर त्यानं विचारलं की ऑस्ट्रेलियाला कळवायचं का. आग्नेसनं पाकीट काढलं, पत्ता लिहिला. वर नाव लिहिलं ते क्षितिजाचं.